छोट्या टाकीत निळा टँग नको

महोदय,

मुंबईतल्या काही दुकानांत १०० लिटरच्या समुद्री (खाऱ्या पाण्याच्या) मत्स्यटाकीसाठीही निळा टँग मासा बिनदिक्कत गळ्यात मारला जातो. हा मासा वाढून जवळजवळ ३० सेंटिमीटरचा होतो. त्याला पोहायला मोकळी जागा हवी. मँडरीन माशाचे हाल तर बघवत नाहीत. तो मुख्यतः जिवंत कोपेपॉड (पाण्यातले अगदी बारीक कवचधारी जीव) टिपून खातो; नव्या टाकीत ते पुरेसे नसतात, त्यामुळे तो उपाशी मरतो. डॅमसेल मासे स्वस्त आणि काटक, पण हद्दीसाठी इतरांना छळतात. एवढ्या टाकीत ऑसेलारिस क्लाउनफिशची जोडी आणि एखादा छोटा गोबी मासा पुरे, तेही शक्यतो टाकीतच पैदास झालेले. विक्रेत्यांनी प्रत्येक माशाची पूर्ण वाढ आणि त्याला लागणारी किमान टाकी काचेवर लिहावी, ही कळकळीची विनंती.

– एक मत्स्यप्रेमी, गिरगाव