घाट उतरण्याआधी सायकलच्या रिमची जाडी मोजा

संपादक महोदय,

पाऊस ओसरला की नाशिकच्या सायकलस्वारांना त्र्यंबकेश्वर, सप्तशृंगगड आणि कसारा घाटाचे वेध लागतात. त्याआधी सायकल दुकानात नेऊन साखळीला तेल, ब्रेकला नवे रबर आणि चाकांचा आऊट (फिरताना होणारी डगमग) काढणे एवढे बहुतेक जण करून घेतात. मात्र ब्रेकचे रबर ज्या रिमवर घासते, तिची जाडी किती उरली आहे हे सहसा कोणी पाहत नाही. त्याकडे सायकलस्वारांचे, आणि त्याहून अधिक दुरुस्ती करणाऱ्या कारागिरांचे, लक्ष वेधावे म्हणून हे पत्र.

डिस्क ब्रेक नसलेल्या गियरच्या सायकलींना बहुधा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची रिम असते. रबर तिच्या दोन्ही बाजूंच्या भिंती दाबून चाक थांबवते, म्हणजे ही भिंत ब्रेकचाच भाग आहे आणि रबरासारखीच, पण सावकाश, झिजत जाते. पावसाळ्यात चिखलातली बारीक कच रबरात रुतते आणि ब्रेक दाबला की रिमवर कानशीसारखी चालते. सिंहस्थाच्या तयारीसाठी जागोजागी रस्त्यांची कामे निघाल्यामुळे अशी कच शहरातल्या रोजच्या फेरीतही पुरेशी मिळते.

याच भिंतीला टायरमधली हवा आतून सतत बाहेर ढकलत असते. अरुंद टायरमध्ये शंभर पीएसआय हवा भरली, तर हा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ७ किलो होतो. भिंत पातळ होत गेली की एखाद्या दिवशी ती फाटून बाहेर वळते, ट्यूब फुटते आणि फाटलेला पत्रा ब्रेकमध्ये अडकून चाक जाम होऊ शकते. मागच्या चाकाचे असे झाले तर सावरायला थोडी तरी संधी मिळते. पुढचे चाक उतारावर जाम झाले तर स्वार हँडलवरून पुढे फेकला जातो. त्यातही सप्तशृंगगडावरून पायथ्याच्या नांदुरीला उतरताना ब्रेक सतत दाबलेला असल्याने रिम तापते आणि ट्यूबमधला दाब आणखी वाढतो, त्यामुळे कमकुवत रिम फुटण्याचा धोका नेमका घाटातच जास्त असतो.

‘चाक सरळ फिरते, म्हणजे रिम चांगली आहे’ हा समज फार पसरलेला आहे आणि तो घातक आहे. आऊट तारांच्या ताणावर अवलंबून असतो. त्यावरून भिंतीची जाडी कळत नाही. उलट पूर्वी सरळ असलेल्या रिमला एकाच जागी अचानक फुगवटा आला, किंवा ब्रेक धरताना दर फेऱ्यात एकदा ठेच लागू लागली, तर भिंत उघडू लागल्याची शंका घेऊन सायकल तिथेच थांबवावी.

अनेक रिमांवर ब्रेकच्या पट्ट्यात बारीक खाच किंवा छोटा खळगा मुद्दाम ठेवलेला असतो. तो दिसेनासा झाला की रिमचे आयुष्य संपले. अशी खूण नसेल तर स्टीलच्या पट्टीची कड भिंतीवर आडवी धरून उजेडाकडे पाहावे. नुकतीच एका स्नेह्यांची मागची रिम मी अशी तपासली. पट्टीखाली मधोमध उजेडाची स्पष्ट फट दिसली, खाच पूर्ण पुसली गेली होती आणि टायर काढल्यावर काठाच्या किंचित खाली, काठाला समांतर, बोटभर लांबीची केसासारखी चीर दिसली. ते चाक तोवर अगदी सरळ फिरत होते.

मी सातपूर औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात तपासणी विभागात काम केले असल्याने मापाशिवाय माझे समाधान होत नाही. व्हर्निअरचे (जाडी मोजण्याच्या मापकाचे) जबडे थेट लावले तर ते काठाच्या जाड ओठावर टेकतात आणि जाडी खरी असते त्यापेक्षा जास्त दिसते. म्हणून टायर काढून जुन्या २ मि.मी. तारेचे दोन तुकडे भिंतीच्या आतून व बाहेरून समोरासमोर, झिजलेल्या खोलगट भागात धरावेत, तिन्हींचे एकत्र माप घ्यावे आणि त्यातून ४ मि.मी. वजा करावेत. चाकावर चार-सहा जागी मापून सर्वांत कमी आकडा धरावा. नवी भिंत साधारण दीड मि.मी.च्या आसपास असते. ती १ मि.मी.च्या खाली गेली तर त्या रिमवर घाट उतरू नये आणि ०.८ च्या आसपास आली तर ती बदलावीच. उत्पादकाने वेगळी मर्यादा दिली असेल तर तीच पाळावी. डिस्क ब्रेकच्या सायकलीत भिंत अशी झिजत नाही, तरी तारांच्या भोकांभोवती चिरा पडल्या आहेत का, हे तिथेही पाहायला हवे.

सर्व्हिसिंगच्या पावतीवर दोन्ही रिमांची जाडी लिहून देण्याची पद्धत शहरातील दुकानदारांनी सुरू करावी, अशी माझी विनंती आहे. नाशिकमधून पंढरपूरपर्यंत सायकल वारी निघते आणि घाटांच्या सामूहिक सहलीही होतात. त्यांच्या आयोजकांनी हेल्मेटइतकाच आग्रह या मापाचा धरावा. वापरलेली सायकल विकत घेणाऱ्या विद्यार्थ्यांनी रंग आणि गियर पाहण्याआधी रिमवर पट्टी धरून पाहावी. आणि निकामी ठरलेली रिम कारागिरांनी खिळ्याला टांगून न ठेवता करवतीने कापूनच भंगारात टाकावी, म्हणजे ती पुन्हा कोणाच्या चाकात बसवली जाणार नाही.

– एक सायकलस्वार वाचक, नाशिक