आधी कॅसेट कुठे ओतायची ते ठरवा

संपादक साहेब, नमस्कार.

कोकणात कॅम्परव्हॅन (आतच झोपायची, स्वयंपाकाची सोय असलेल्या गाड्या) आल्या तर कित्ती मजा येईल हा तुमच्या पुरवणीतला लेख वाचला, फोटो मस्त होते पण लिहिणाऱ्याने एक रात्र तरी त्या गाडीत काढली असेल असं वाटत नाही. आम्ही काढल्यात. मुलगा ग्लासगोला असतो, गेल्या जूनमध्ये त्याने भाड्याची गाडी घेऊन आम्हाला स्कॉटलंडच्या पार उत्तर टोकाला नेलं. इन्व्हर्नेसहून निघून परत इन्व्हर्नेसलाच येणारा तो नॉर्थ कोस्ट 500 नावाचा रस्ता, म्हणजे जवळपास 830 किलोमीटर (500 हे मैल आहेत हे ह्यांना दोन दिवसांनी पटलं).

एकाच दिवसाचं सांगते. सकाळी डरनेसला गाडीतच पोहे केले, स्मू केव्ह नावाची प्रचंड गुहा बघितली आणि थर्सोला निघालो. अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आसपास, पण संध्याकाळ झाली, कारण रस्ता बराचसा एकाच गाडीपुरता, अधूनमधून कडेला फुगवटा असतो त्याला पासिंग प्लेस म्हणतात, समोरून कुणी आलं की तिथे थांबायचं, आणि तो फुगवटा उजव्या हाताला असेल तर आत घुसायचं नाही, त्याच्यासमोर आपल्याच बाजूला थांबायचं म्हणजे समोरचा त्यात वळतो. मागे कुणी तुंबला असेल तर त्यालाही पुढे सोडायचं. प्रत्येक जण जाताना हात करतो. मेंढ्या रस्त्यात बसून होत्या तरी दिवसभर हॉर्न ऐकला नाही, आणि मी घोडबंदर रोडवरून रोज जाणारी बाई! लॉख एरिबॉल ह्या खाडीला तर पूर्ण वळसा, पलीकडचा रस्ता समोर दिसतोय पण पोचायला किती वेळ, आपल्या दाभोळला निदान फेरीबोट आहे. 1945 साली शरण आलेल्या जर्मन पाणबुड्या ह्याच खाडीत आणल्या होत्या, मुलगा सांगत होता, माझं लक्ष टॉयलेटच्या लाल दिव्याकडे.

तो दिवा म्हणजे कॅसेट भरली. टॉयलेटखाली पेटीसारखी टाकी असते, तिला कॅसेट म्हणतात, ती आपल्या हाताने ओढून काढायची आणि ठरलेल्या जागीच ओतायची, कारण आत केमिकल असतं. थर्सोला कॅम्पसाइटवर पैसे भरून ती रिकामी केली तेव्हा रात्रीचे दहा वाजले होते आणि ऊन अजून होतं. तिकडेही लोक चोरून कडेला ओततात, गावकरी वैतागलेत.

आपल्याकडे 2021 मध्ये सरकारने अशाच गाड्यांसाठी कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. छान. पण हर्णै, गुहागर, वेळणेश्वर ह्या रस्त्यावर कॅसेट ओतायची सोय कुठे असणार हे लेखात एका ओळीतही नव्हतं. हाच प्रश्न मी दापोलीच्या आमच्या एका नातेवाइकांना विचारला, त्यांचा स्वतःचा होमस्टे आहे. ते म्हणाले, "काकू, एवढा समुद्र आहे की."

– एक वाचक, बोरिवली पूर्व, मुंबई