आई-बाबांना: आवाज वेळेवर पोचावा म्हणून

ती. आई आणि ती. बाबा यांना साष्टांग नमस्कार.

या सुट्टीत घरी यायचे ठरले होते, पण मी येणार नाही. हे तुम्हांला दादाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावे, म्हणून लगेच लिहायला बसले आहे. निर्णय झालेला आहे. पुढचे काही महिने अर्धवेळ काम करण्याची परवानगी मी कार्यालयात घेतली आहे आणि उरलेला वेळ बाबांना फोनवरचा माझा आवाज ऐकवणाऱ्या पेटीच्या यूएसबी ड्रायव्हरमध्ये (पेटी आणि संगणक यांचे बोलणे सांभाळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) आयसोक्रोनस ट्रान्स्फरची, म्हणजे ठरल्या वेळी माहिती नेण्याची, सोय घालण्यासाठी ठेवला आहे. ते काम पुरे झाले की मी येईन, आणि आल्यावर घाईने परत जाणार नाही. फोनवर सांगितले असते, तर बाबांना त्यातले अर्धेच ऐकू आले असते आणि आईने 'बरे' म्हणून विषय बदलला असता. म्हणून सगळे कागदावर, सविस्तर.

बाबा, तुम्ही मागे विचारले होते, की पेटी एरवी व्यवस्थित चालते, मग आईने पेनड्राइव्हवरचे फोटो उतरवायला घेतले की माझा आवाज का अडखळतो. त्याचे उत्तर पेटीच्या विजेत किंवा हेडफोनमध्ये नाही. यूएसबीवरून माहिती नेण्याचे चार प्रकार आहेत: कंट्रोल, बल्क, इंटरप्ट आणि आयसोक्रोनस. पेटीतल्या मायक्रोकंट्रोलरसाठी, म्हणजे तिला चालवणाऱ्या चिपसाठी, आपण जो ड्रायव्हर वापरतो त्यात पहिले तीनच होते, म्हणून आवाजही बल्कनेच जातो. बल्कमध्ये माहितीच्या प्रत्येक तुकड्याची, म्हणजे पॅकेटची, पोच मिळते आणि ती मिळाली नाही तर पॅकेट पुन्हा पाठवले जाते. परंतु ते कधी पोचेल याची हमी कोणीच देत नाही, कारण बाकीच्यांचे भागल्यावर उरेल तेवढीच जागा बल्कच्या वाट्याला येते. फोटोंना हे चालते, उशीर झाला तरी फोटो तोच राहतो. संभाषणाला मात्र चालत नाही. एखादा मिलिसेकंद गळाला तर कानाला क्वचितच कळते; पण तोच तुकडा मागाहून आला, तर पुढचे सगळे वाक्य त्याच्या मागे रखडते, आणि मग तुम्ही 'काय म्हणालीस?' असे विचारता व तिसऱ्यांदा विचारायचे टाळता. ते तुमचे टाळणे मला दिसते, बाबा.

आयसोक्रोनसमध्ये व्यवहार उलटा आहे. आपल्या पेटीच्या वेगावर, म्हणजे सेकंदाला १२ मेगाबिटवर, संगणक दर मिलिसेकंदाला एक नवी फ्रेम, म्हणजे वेळेचा नवा कप्पा, सुरू करतो. आवाज सुरू होण्यापूर्वीच तो हिशोब करून त्या प्रत्येक फ्रेममध्ये पेटीची जागा राखून ठेवतो आणि जागा नसेल तर आधीच नकार देतो. आयसोक्रोनस आणि इंटरप्ट या दोघांना मिळून फ्रेमचा जास्तीत जास्त ९० टक्के भाग देता येतो. आपल्याला त्यातला फार थोडा लागतो. आवाजाचे नमुने, म्हणजे क्षणाक्षणाची मापे, सेकंदाला ४८,०००, म्हणजे मिलिसेकंदाला ४८. प्रत्येक नमुना दोन बाइटचा, कान दोन, म्हणजे १९२ बाइट. आई, तुला हे पडताळायला कागद लागणार नाही. या पद्धतीत पोच नाही आणि पुन्हा पाठवणेही नाही. पॅकेट बिघडले आहे एवढे तपासणीच्या अंकावरून कळते. मग तेवढी जागा शांततेने भरायची आणि पुढे जायचे.

आणखी एक फायदा केवळ आईसाठी आहे. यूएसबीवरच्या ध्वनी-उपकरणांची पहिली ठरावीक व्याख्या १९९८ साली झाली, आणि त्या व्याख्येप्रमाणे आवाज आयसोक्रोनस एंडपॉइंटवरूनच, म्हणजे उपकरणातल्या माहितीच्या तशा दारातूनच, वाहतो. पेटी त्या नियमांनी बोलू लागली, की संगणक तिला स्वतःहून ओळखेल. सध्या प्रत्येक वेळी तो वेगळा प्रोग्रॅम उघडून, यादीतून पेटी निवडून, मग मला फोन लावावा लागतो. ते सारे थांबेल. तार जोडली की झाले.

तुमच्या मनात येईल, की एवढेच असेल तर घरच्या पेटीपुरती दुरुस्ती करून मोकळी का होत नाही. मीही यावर बराच विचार केला. तशी दुरुस्ती मूळ ड्रायव्हरची नवी आवृत्ती आली की निकामी होईल, आणि प्रत्येक वेळी ती पुन्हा जुळवायला मीच लागेन. मला पेटी अशी हवी आहे, की मी आजारी असले, प्रवासात असले किंवा हे काम सोडून दुसरे काही करत असले तरी ती चालत राहावी. त्यासाठी सोय मूळ ड्रायव्हरमध्ये, सर्वांसाठी, नीट तपासून गेली पाहिजे. हा ड्रायव्हर फुकट वापरणारे पुष्कळ लोक आहेत आणि त्यांच्यातही कोणाचे तरी वडील असतील. दादाच्या वेळी आपण वेळेवर जे करू शकलो नाही त्याची भरपाई मी करत आहे, असे मात्र समजू नका. ते वेगळे होते आणि त्याबद्दल आपले बोलून झाले आहे.

काम किती आहे हे सांगितल्याशिवाय मी इतका वेळ का मागते ते तुम्हांला पटणार नाही. ड्रायव्हरमध्ये सगळीकडे असे गृहीत धरले होते, की पॅकेट ६४ बाइटांपेक्षा मोठे नसते, कारण या वेगावर बल्कची मर्यादा तेवढीच आहे. आयसोक्रोनसची मर्यादा १,०२३ बाइट आहे, त्यामुळे बफरची, म्हणजे माहिती तात्पुरती साठवण्याच्या जागेची, मांडणी मुळापासून बदलावी लागते, आणि या चिपांमध्ये पॅकेटांसाठीची स्मृती फार तुटपुंजी असते. एसटीएम३२एफ१०३ या चिपमध्ये ती अवघी ५१२ बाइट आहे. दुसरी गोष्ट अशी, की आवाज बंद असताना जागा अडवून ठेवायची नाही, असा नियम आहे. म्हणून पेटीतल्या प्रत्येक ध्वनी-इंटरफेसची (आवाज नेणाऱ्या भागाची) दोन रूपे जाहीर करावी लागतात: शून्य क्रमांकाच्या रूपात आवाजाला जागाच नसते, आणि संगणकाला आवाज हवा असेल तेव्हा तो पेटीला पुढच्या क्रमांकाच्या रूपात जायला सांगतो. आपला ड्रायव्हर आजवर ही आज्ञा ऐकून नुसता होकार देत असे. आता ती आल्याबरोबर एंडपॉइंट उघडणे, बंद करणे आणि अर्धवट राहिलेली पॅकेटे टाकून देणे त्याला शिकवायचे आहे.

सर्वांत खोल बदल वाट पाहण्याचा आहे. बल्कमध्ये पॅकेट पाठवले की पोच येईपर्यंत थांबायचे, या एका कल्पनेवर ड्रायव्हरचा बराचसा भाग उभा आहे. इथे पोच येणारच नाही. तुमच्या मायक्रोफोनचा आवाज संगणकाने मागितला आणि त्या क्षणी पॅकेट तयार नसेल, तर ती फ्रेम गेली. ते पॅकेट मागाहून पाठवण्यात अर्थ नाही, ते टाकून ताजे भरले पाहिजे. त्यात प्रत्येक चिपची रीत निराळी. ओटीजी पद्धतीचा यूएसबी भाग असलेल्या एसटीएम३२ चिपांमध्ये पॅकेट सम क्रमांकाच्या फ्रेममध्ये जायचे की विषम, हे दर वेळी आधी सांगावे लागते. उलटे सांगितले तर ते त्या फ्रेममध्ये जात नाही आणि काम अपुरे राहिल्याची सूचना चिपकडून येते. एनआरएफ५२८४० या चिपमध्ये आयसोक्रोनससाठी ८ क्रमांकाचा एंडपॉइंटच वेगळा काढून ठेवला आहे. बाहेरून सगळ्यांना एकसारखा दिसेल आणि आतून प्रत्येक चिपचे ऐकेल, असा ड्रायव्हर लिहिण्यात मला मनापासून आनंद आहे. हे मी कर्तव्य म्हणून ओढत नाही, एवढे खरे माना.

आणि बाबा, तुमच्या वहीने जे काम केले ते तर इथल्या महागड्या यंत्रानेही इतक्या लवकर केले नसते. दादाने आणून दिलेल्या त्या हिरव्या पाटीवर, म्हणजे आयसोक्रोनस चालवून पाहण्याच्या सर्किट बोर्डवर, आवाज अडखळत नव्हता, परंतु मधूनच बारीकसा 'टक्' येत होता, आणि तुम्ही घड्याळ लावून लिहून ठेवलेत की तो ठरावीक अंतराने येतो. ठरावीक अंतर म्हटल्यावर उत्तर जवळजवळ समोरच आले. संगणक स्वतःच्या घड्याळाने नमुने पाठवतो आणि पेटी स्वतःच्या स्फटिकाच्या तालावर ते वाजवते. दोन्ही घड्याळे अगदी एकसारखी कधीच नसतात. त्यांच्यात दहा लाखांत शंभराचाही फरक असला, तरी सेकंदाला ४.८ नमुन्यांची तूट पडते. गच्चीवरच्या टाकीत येणारे पाणी जाणाऱ्या पाण्याहून जरासेच कमी असले, तर अर्धी भरलेली टाकीही कधीतरी रिकामी होणारच. पेटीचा बफर ३८४ नमुन्यांचा आहे. निम्मा भरून सुरुवात केली तर १९२ नमुने चाळीस सेकंदांत संपतात, आणि संपले की 'टक्'.

यावरचा उपाय यूएसबीच्या नियमांतच आहे. पेटीने एका छोट्या उलट्या वाटेवरून, म्हणजे फीडबॅक एंडपॉइंटवरून, संगणकाला अधूनमधून कळवायचे की माझ्या घड्याळाने दर फ्रेमला मला नेमके किती नमुने लागतात. हा आकडा तीन बाइटांत, १६,३८४ ने गुणून पाठवतात. बरोबर ४८ साठी तो ७,८६,४३२ होतो. पेटी जरा जास्त वेगाने वाजवत असेल तर आकडा किंचित वाढतो, आणि संगणक अधूनमधून ४८ ऐवजी ४९ नमुने पाठवून तूट भरून काढतो. म्हणून पॅकेटची मर्यादा १९२ न ठेवता १९६ ठेवली आहे. हे मोजमाप स्थिर करणे आता बाकी आहे. आकडा घाईने वरखाली झाला तर बफर हेलकावे खातो, फार सावकाश बदलला तर सुरुवातीची तूट वेळेत भरत नाही. त्यासाठी पाट्या दिवसरात्र चालू ठेवून, निरनिराळ्या संगणकांवर बघावे लागते, आणि ती साधने, ते विश्लेषक यंत्र, आणि चुका दाखवणारी माणसे इथे आहेत. घरी येऊन हे करता आले असते, तर मी एक दिवसही इथे थांबले नसते.

माझी काळजी करू नका. अर्ध्या पगारात माझे व्यवस्थित भागते, साठवलेल्या पैशांना हात लावावा लागलेला नाही, आणि रात्री मी झोपते. पाट्या चालू राहतात, मी नाही. तुमच्या औषधांची आणि किराण्याची व्यवस्था मी दादाशी बोलून लावली आहे, बाथरूममधला धरायचा दांडा बसवायला माणूस येईल, आणि पायऱ्यांवरचा दिवा संध्याकाळ झाली की आपोआप लागेल असा करून घेणार आहे. आई, यातले काहीही तुला कोणाकडे मागावे लागू नये, एवढेच मी बघितले आहे. कोणाचे उपकार घेतले असे मनात आणू नकोस.

सोल्डरिंग करताना राळेचा वास आला की अजूनही मला बाबांच्या टेबलाखालची ती जागा आठवते, जिथे मी उघडलेले रेडिओ ऐकत झोपून जायचे आणि सकाळी जागी व्हायचे ती नेहमी आईच्या शेजारी. मला उचलून कोण नेत असे, हे तुम्ही दोघांनीही कधी कबूल केले नाहीत. बाबा, तुम्ही केंद्र लावताना सुईचा काटा केसभर इकडे-तिकडे करत राहायचात, आणि खरखर जाऊन माणसाचा आवाज स्वच्छ आला की माझ्याकडे बघायचात. ते बघणे मला पुन्हा हवे आहे, आणि त्यासाठी मी हट्टाने बसले आहे.

आता थोडे ऐका. पेटी संगणकाच्या स्वतःच्या जागेतच जोडावी, त्या अनेक तोंडांच्या हबमध्ये नको. तार बदलायची वेळ आली तर पाच मीटरपेक्षा लांब घेऊ नका आणि तारेला तार जोडून लांबवू नका. आई, तार निघाली तर टेबलाखाली तू वाकायचे नाहीस. गुडघ्यांच्या डॉक्टरांनी काय सांगितले ते तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. बाबा, पेटीचा आवाज लाल खुणेच्या वर न्यायचा नाही, माझे बोलणे कळले नाही तरी नाही. मी पुन्हा बोलेन, हवे तितक्या वेळा बोलेन. आणि पेटी आहे म्हणून कानाची तपासणी पुढे ढकलायची नाही. पेटी माझा आवाज वेळेवर आणून देईल, डाव्या कानाला काय झाले आहे ते तिला सांगता येणार नाही. तपासणीची तारीख दादाने घेतली आहे, तो स्वतः गाडी घेऊन येईल. 'आता बरे वाटते' असे सांगून त्याला परत पाठवू नका. रागावून म्हणत नाही, बाबा. तुमच्याशी पूर्वीसारखे तासन्‌तास बोलायचे आहे, म्हणून म्हणते.

नवी पाटी या पत्राबरोबरच पाठवते आहे. तिच्यात फीडबॅकची पहिली आवृत्ती आहे. जुनी पेटी काढून टाकू नका, दोन्ही जवळ ठेवा. नव्या पाटीवर बफर रिकामा झाला की पिवळा दिवा एकदा लुकलुकतो. बाबा, तो लुकलुकला की वहीत वेळ लिहा, आणि त्या वेळी संगणकावर दुसरे काय चालू होते ते आईला विचारून शेजारी लिहा. 'टक्' ऐकू आला पण दिवा लुकलुकला नाही, असे झाले तर ती नोंद सर्वांत महत्त्वाची, तिच्याखाली रेघ ओढा. रविवारी सकाळी मी फोन करीन तेव्हा पाटी आधीच जोडून ठेवा, आईला तो प्रोग्रॅम उघडू देऊ नका, आणि पहिली दहा मिनिटे बाबांनीच बोलायचे.

तुमची,
धाकटी