‘मिझोगुचींची नायिका’ एवढीच ओळख पुरत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत जपानी चित्रपटांच्या सुवर्णकाळावर आलेला लेख दोनदा वाचला. लेखकाने मनापासून लिहिलं आहे आणि आपण या विषयाला पूर्ण पान दिलंत, याचा आनंद झाला. पण त्या पानभर मजकुरात अभिनेत्री आणि दिग्दर्शिका किनुयो तनाका हे नाव एकदाच आलं, तेही ‘मिझोगुचींची आवडती नायिका’ एवढ्याच शब्दांत. ते वाचून वाईट वाटलं, म्हणून हे पत्र.

तनाकाबाईंनी सहा चित्रपट दिग्दर्शित केले. १९५३ ते १९६२ या काळात, जपानच्या मोठ्या व्यावसायिक स्टुडिओंमध्ये. त्या काळात तिथे दुसरी एकही बाई हे काम करत नव्हती. आणि ज्यांच्या नावाला जोडून आपण त्यांची ओळख करून दिलीत, त्या दिग्दर्शक केंजी मिझोगुचींनीच त्यांच्या दिग्दर्शनाला विरोध केला होता! दोघांनी मिळून पंधरा चित्रपट केलेले. त्यातल्या ‘ओहारू’, ‘उगेत्सु’ आणि ‘सान्शो दायू’ या तिघांना १९५२ ते १९५४ अशी ओळीने तीन वर्षं व्हेनिसच्या महोत्सवात बक्षिसं मिळाली. तरीही बाई कॅमेऱ्यामागे उभी राहणार म्हटल्यावर मिझोगुचींना ते रुचलं नाही. १९५४ नंतर दोघांनी एकत्र काम केलं नाही. दोन वर्षांनी मिझोगुची गेले.

मिझोगुची थोर दिग्दर्शक होते, याबद्दल वाद नाही. ‘सान्शो दायू’च्या शेवटी समुद्रकाठी बसलेली आंधळी आई हरवलेल्या मुलांना हाका मारत गाते, ते दृश्य पाहून मी कितीतरी दिवस अस्वस्थ होते. पण ते दृश्य उभं राहिलं तनाकाबाईंच्या आवाजावर आणि देहबोलीवर. त्याचं श्रेय वाटून द्यायला हवं.

त्यांचा जन्म १९०९ साली शिमोनोसेकीत झाला. वडील लवकर गेले, घरची परिस्थिती बिघडली. ओसाकात मुलींच्या एका संगीत मंडळीत त्या बिवा वाजवत असत (बिवा म्हणजे तिकडचं तंतुवाद्य). चौदाव्या वर्षी शोचिकू या चित्रपट कंपनीत दाखल झाल्या. मूकपटांत नाव झालं, १९३१ साली जपानचा पहिला यशस्वी बोलपट आला त्यातही नायिका त्याच. पुढे ओझू, गोशो, नारुसे, किनोशिता अशा सगळ्या मोठ्या दिग्दर्शकांकडे कामं केली. एकूण चित्रपट अडीचशेच्या वर.

१९४९ साली त्या सदिच्छा दौऱ्यावर अमेरिकेला गेल्या. जाताना अंगावर किमोनो होता. परतल्या त्या पाश्चात्त्य पोशाखात, डोळ्यांवर काळा चष्मा, आणि टोकियोतल्या मिरवणुकीत त्यांनी लोकांकडे हवेत चुंबनं फेकली. बस्स, वर्तमानपत्रं तुटून पडली. युद्धात हरलेल्या देशाचा सगळा राग एका चाळिशीच्या नटीवर निघाला. पुढची दोन वर्षं त्यांना फार जड गेली. ‘ओहारू’ आला तो त्यानंतर. दरबारातली तरुण मुलगी ते रस्त्यावर उभी राहणारी, थकलेली वेश्या, असं एका बाईचं सगळं आयुष्य त्यांनी बेचाळिसाव्या वर्षी उभं केलं.

आणि त्याच्या पुढच्याच वर्षी दिग्दर्शन. आधी मिकिओ नारुसेंच्या एका चित्रपटावर त्या सहायक म्हणून राबल्या, उमेदवारासारख्या. मग ‘प्रेमपत्र’ केला. अमेरिकन सैनिक सोडून गेलेल्या बायकांना पत्रं लिहून देणाऱ्या माणसाची ती गोष्ट आहे. १९५४ साली तो फ्रान्सच्या कान महोत्सवात स्पर्धेत होता. दुसऱ्या चित्रपटाची पटकथा खुद्द ओझूंची. त्यात त्यांनी मोलकरणीचं छोटं काम स्वतः केलं आहे, आणि घरातली मुलगी तिला फोनवर कसं बोलायचं ते शिकवते. तरुण नटी दिग्दर्शिकेलाच अभिनय शिकवते आहे, हे बघताना मला फार गंमत वाटली.

पण सहांत माझ्या मते सर्वांत मोठा तिसरा, १९५५चा. होक्काइदो बेटावरची कवयित्री फुमिको नाकाजो १९५४ साली स्तनाच्या कर्करोगाने गेली, वय अवघं ३१. तिच्या जाण्याला वर्षदीड वर्ष होतं न होतं तोच तिच्यावरचा हा चित्रपट आला. पटकथाही एका स्त्रीची, सुमिए तनाका यांची (नात्यातल्या नव्हेत). त्यात एक प्रसंग आहे. शस्त्रक्रियेनंतर फुमिको मैत्रिणीच्या घरी अंघोळ करते आणि तिला बोलावून आपली जखम बघायला लावते. मैत्रीण नजर वळवते, फुमिको वळवत नाही. दया मागणारी रोगी बाई इथे दिसत नाही. संतापणारी, स्वतःच्या इच्छा असणारी, कविता करणारी बाई दिसते. माझ्या धाकट्या बहिणीवर हीच शस्त्रक्रिया झाली होती. त्या काळी आमच्या घरात त्या आजाराचं नावसुद्धा कुणी मोठ्याने घेत नव्हतं. १९५५ सालच्या एका बाईने ते पडद्यावर सरळ दाखवलं, हे मला साठी उलटल्यावर कळलं. तेव्हा मी रडले, आणि थोडी रागावलेही, की हे आम्हाला कुणी सांगितलं का नाही?

त्यानंतरही त्यांनी अभिनय सोडला नाही. ‘नारायामा’त सत्तरीला टेकलेली म्हातारी साकारण्यासाठी अठ्ठेचाळिसाव्या वर्षी स्वतःचे पुढचे दात काढून घेतले. १९७४च्या ‘सान्दाकान’मध्ये, लहानपणी बोर्निओत विकल्या गेलेल्या आणि आता गावाबाहेर एकटीच राहणाऱ्या वृद्धेचं काम केलं. आपली कहाणी ऐकून निघालेल्या पाहुणीकडे ती काय मागते? तिचा वापरलेला टॉवेल. तो उराशी धरून रडणाऱ्या तनाकाबाईंना १९७५ साली बर्लिनच्या महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला. १९७७च्या मार्चमध्ये त्या गेल्या.

सहाही चित्रपटांच्या प्रती आता दुरुस्त झाल्या आहेत आणि २०२१पासून जगभरच्या महोत्सवांत दाखवल्या जात आहेत. म्हणून दोन विनंत्या. आपल्या गावोगावच्या फिल्म सोसायट्यांनी जपानी सप्ताह लावताना यातला किमान एक तरी घ्यावा. आणि आपल्या पुरवणीत दिग्दर्शिका किनुयो तनाका यांच्यावर स्वतंत्र लेख यावा. त्याबरोबर छायाचित्र छापाल तेव्हा ओहारूच्या वेशातलं नको. कॅमेऱ्याशेजारी उभ्या असलेल्या तनाकाबाईंचं छापा.

आपली,
एक जुनी वाचक, सांगली