आधी आवाज ठरव, मग तारा

प्रिय निखिल,
अनेक आशीर्वाद.

फ्रेटलेस बेस (मानेवर धातूच्या पट्ट्या, म्हणजे फ्रेट, नसलेली बेस गिटार) हातात आल्या आल्या तुला पहिली काळजी लागली ती फिंगरबोर्डाची, मानेवरच्या बोटं टेकवायच्या लाकडी पट्टीची. शिसमाच्या बोर्डावर राउंडवाउंड, म्हणजे खरखरीत गुंडाळणीच्या, तारा लावल्या की त्या लाकूड खातात, असं तुला दोघा-तिघांनी सांगितलंय, आणि त्यात खोटं काही नाही. तरीही तारांची निवड या भीतीपासून सुरू करू नकोस. या वाद्यातून कसला आवाज निघायला हवा, ते आधी ठरव. लाकडाचं काय करायचं ते मी खाली सांगतेच.

फ्रेटच्या बेसवर तार धातूच्या पट्टीवर टेकते, त्यामुळे वाजणाऱ्या तारेची दोन्ही टोकं कडक असतात. फ्रेटलेसवर एक टोक तुझ्या बोटाखाली, लाकडावर दाबलेलं असतं. बोटाचं मांस मऊ असल्यामुळे सुरातली बरीचशी धार तिथेच शोषली जाते. बोटाच्या पुढे मात्र तार बोर्डाला अगदी निसटता कोन करून जाते, आणि कंप पावताना लाकडाला हलकेच घासत राहते. त्या घासण्यातूनच सूर आघातानंतर फुलतो आणि गातो. बेसवाले त्याला ‘म्वा’ म्हणतात आणि तुला वेड लागलंय ते त्याचंच. हा आवाज तार, लाकूड आणि बोट या तिघांत मिळून तयार होतो, म्हणून फ्रेटच्या बेसपेक्षा इथे तारा बदलल्याचा फरक कितीतरी जास्त ऐकू येतो.

राउंडवाउंडमध्ये पोलादी गाभ्यावर गोल तार गुंडाळलेली असते. बोट फिरवलंस तर बारीक दाते लागतात. तिच्यात वरचे स्वरांश (मूळ सुरासोबत वाजणारे उंच, बारीक सूर) भरपूर, म्हणून म्वा सगळ्यात जास्त तिच्यातच. फ्लॅटवाउंडमध्ये चपटी पट्टी गुंडाळतात. हाताला गुळगुळीत, घसरताना आवाज जवळजवळ नाही, सूर खोल, गोल आणि लवकर विझणारा. डबल बेसकडे झुकणारा आवाज हवा असेल तर याच तारा. या दोन्हींच्या मधली हाफवाउंड: गोल तार गुंडाळायची आणि मग बाहेरून घासून सपाट करायची. टेपवाउंडवर काळ्या नायलॉनची पट्टी असते. आत पोलादी गाभा असल्यामुळे चुंबकीय पिकअपवर (तारेचा कंप टिपणाऱ्या भागावर) ती व्यवस्थित वाजते आणि बोर्डाला तिच्याइतकी सौम्य दुसरी तार नाही. पण तिच्या काही संचांत ई ची तार खूप जाड असते, नटच्या (मानेच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीच्या) खाचेत बसतेय का ते आधी पाहावं लागतं.

फ्रेटलेस म्हटलं की अमेरिकन बेसवादक जॅको पास्टोरियसचं नाव येणारच. त्याचा 1962 चा फेंडर जॅझ बेस, फ्रेट काढलेला, आणि त्यावर रोटोसाउंडच्या स्टेनलेस स्टीलच्या राउंडवाउंड, स्विंग बेस 66. 1976 साली त्याचा पहिला अल्बम आला आणि बेस असा गाऊ शकतो हे जगाला कळलं. त्याच्या तारा सगळ्यांना पाठ असतात, पण त्याने बोर्डावर बोटींसाठी वापरतात त्या इपॉक्सीचा कडक थर चढवला होता, हे लोक विसरतात. त्या थरामुळे लाकूड वाचलं आणि आवाजातही काचेसारखी चमक आली. तुझ्या उघड्या शिसमावर त्याच तारा लावल्यास तर तो आवाज मिळणार नाही, आणि बोर्डावर रेघा मात्र लवकर पडतील. म्हणून स्टेनलेस स्टील तुझ्यासाठी नकोच. निकेलचा मुलामा दिलेल्या राउंडवाउंड त्याहून मऊ असतात, शुद्ध निकेलच्या आणखी मऊ.

दुसऱ्या टोकाला मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीचा बेसवादक जेम्स जेमरसन. तो वाजवायचा तो फ्रेटचा प्रिसिजन बेस, पण फ्लॅटवाउंडबद्दल बोलताना त्याला टाळता येत नाही. ला बेलाच्या जाड फ्लॅटवाउंड लावायचा आणि तार तुटल्याशिवाय बदलायचा नाही. मोटाउनच्या गाण्यांखालचा तो दमदार, आखूड ठोका त्या जुन्या तारांचाही आहे. नव्या फ्लॅटवाउंड सुरुवातीला थोड्या चकचकीत वाजतात, काही आठवड्यांनी मुरतात आणि मग वर्षानुवर्षं टिकतात. राउंडवाउंडची चमक मात्र घामाने आणि मळाने काही आठवड्यांतच उतरते. वाजवून झाल्यावर कोरड्या कापडाने तार वरून आणि खालून पुसत जा, खालची बाजू सगळे विसरतात.

आता सुरात वाजवण्याबद्दल. तारा निवडताना याचा विचार फारसा कोणी करत नाही, आणि माझ्या मते नवशिक्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हाच. तुझ्या बेसचं स्केल (वाजणाऱ्या मोकळ्या तारेची लांबी) 34 इंचांचं, म्हणजे साधारण 864 मिलिमीटर. नटपासून पहिला अर्धस्वर जवळपास 48 मिलिमीटरवर येतो. वर सप्तकाच्या जागेपलीकडे तेच अंतर निम्मं होतं. अर्धस्वराचे शंभर भाग केले तर खाली एक मिलिमीटर चुकल्यावर दोन भागांचा फरक पडतो, वर चार भागांचा. इतका बारीक फरक कानाला कळायला हवा तर सुरात स्वरांश हवेत. ई ची मोकळी तार 41 हर्ट्झच्या आसपास वाजते. एवढ्या खर्जात नुसत्या मूळ सुरावरून आपला कान फार काही सांगू शकत नाही, तो वरच्या स्वरांशांचा आधार घेतो. बोथट तारांवर तू किंचित उतरलेला वाजत राहशील आणि तुला पत्ताही लागणार नाही. राउंडवाउंडवर चूक लगेच टोचते. शिकताना ती टोचायला हवी.

म्हणून तुझ्यासाठी माझा कौल असा: निकेलचा मुलामा दिलेल्या राउंडवाउंड, 45 ते 105 गेज (बारीक तारेपासून जाड तारेपर्यंतची जाडी, इंचाच्या हजारांश भागांत), किंवा बोटांना जड जात असतील तर 40 ते 95. मागच्या पत्रात तू लिहिलं होतंस की गायकाच्या मागे मींड घेत, लांबवर सूर धरून वाजवायचंय. त्याला म्वा लागणार आणि सूर टिकणारा लागणार. फ्लॅटवाउंडवर तो सूर अर्ध्या वाटेत विझेल. उद्या ड्रमसोबत घट्ट, आखूड वाजवायची आवड लागली, तर खुशाल फ्लॅट लाव. थॉमास्टिक इन्फेल्डच्या जॅझ फ्लॅट्स मला फार आवडतात. त्यांचा ताण कमी आणि सूर इतर बहुतेक फ्लॅटपेक्षा मोकळा, पण त्या इतक्या लवचीक असतात की जोरात छेडणाऱ्या हाताला सापडत नाहीत. हाफवाउंड सुचवणारे बरेच भेटतील. मला त्यात दोन्हींचे गुण अर्धे-अर्धेच मिळाल्यासारखे वाटतात, म्हणून तुला सुचवत नाही.

आता लाकूड. रेघा पडतील, विशेषतः डी आणि जी च्या तारांखाली, जिथे तू सारखा वाजवतोस. पडू देत. फिंगरबोर्ड काही मिलिमीटर जाड असतो. वाद्य दुरुस्त करणारा जाणकार तो घासून पुन्हा समतल करतो तेव्हा त्यातला अगदी थोडा भाग जातो, त्यामुळे हे काम आयुष्यात एकाहून अधिक वेळा करता येतं. झीज कमी ठेवणं तुझ्या डाव्या हातात आहे. गिटारवाले तार आडवी ओढून कंप देतात तसा देऊ नकोस, त्याने तार करवतीसारखी लाकडावर फिरते. बोट दाबून ठेव आणि तारेच्या दिशेने पुढे-मागे नुसतं डोलव, व्हायोलिनवाले करतात तसं. तार जागची फारशी हलत नाही आणि सूर मात्र डोलतो. दाबही लागेल तेवढाच दे. तार बोर्डाला टेकली की काम झालं, त्यापुढचा जोर फुकट जातो आणि मनगट दुखतं ते वेगळंच.

तारा लावताना एक काढायची, एक लावायची. चारही एकदम काढल्यास की मानेवरचा ताण एकदम जातो. गेज बदललंस तर मानेचा बाक बदलणार: ताण वाढला तर मान पुढे झुकते आणि तारा बोर्डापासून उचलल्या जातात, कमी झाला तर उलट. ट्रस रॉडला (मानेचा बाक कमी-जास्त करणाऱ्या आतल्या सळीला) हात लावण्याआधी तारांना एक दिवस बसू दे, मग पाव फेरीहून जास्त एका वेळी फिरवायचं नाही. जास्तीची तार कापायची असेल तर आधी ती काटकोनात वाकव आणि मग वाकाच्या पुढे काप. तशीच कापलीस तर वरचं गुंडाळण गाभ्यावरून सरकू शकतं आणि नवी तार लावल्या दिवसापासून मेल्यासारखी वाजते.

नटकडे नीट बघ. फ्रेटलेसवर नटच्या खाचा फ्रेटच्या बेसपेक्षा खोल असायला हव्यात, तार बोर्डाच्या अगदी जवळून गेली पाहिजे. त्या उंच असतील तर पहिल्या दोन-तीन जागांवर तार दाबताना ताणली जाते, सूर चढतो, आणि तू आपल्या बोटांना दोष देत बसतोस. म्वा कमी वाटला तरी तारा बदलण्याआधी अ‍ॅक्शन (तारांची बोर्डापासूनची उंची) थोडी खाली घेऊन बघ. बऱ्याचदा तो तिथेच दडलेला असतो.

आत्ता बेसवर ज्या तारा आहेत त्यांचं गेज तुला माहीत नसेल तर कॅलिपरने मोजून घे आणि मला कळव. त्यावरून 45 चा संच मागवायचा की 40 चा ते ठरवू.

तुझी,
आई