काकांच्या प्रश्नाचं उत्तर

ट्रिंग, इंग्लंड

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

मी ठणठणीत आहे. थंडी आहे, पण खोली गरम असते आणि जेवण वेळेवर होतं. सावजी मसाला पुरवून पुरवून वापरते. आई, फोनवर आवाज बारीक येतो तो भिंती पातळ आहेत म्हणून. आजारी नाही मी, खरंच.

बाबा, महाल भागातल्या काकांनी तुम्हाला विचारलं म्हणे, "शास्त्रज्ञांनाच जनावरं ओळखता येत नाहीत, मग पोरगी एवढं कर्ज काढून काय शिकून राहिली?" तुम्ही गप्प बसलात, हे ताईने सांगितलं. ते मनाला लागलं. म्हणून लिहिते आहे. त्यांना वाचून दाखवा.

चुका होतात, थोरामोठ्यांच्या होतात. प्राण्यांना शास्त्रीय नावं देण्याची पद्धत घालणाऱ्या लिनियसने 1758 मध्ये एकाच बदकाच्या नराला एक नाव दिलं आणि मादीला दुसरं, कारण नराचं डोकं हिरवं चकचकीत आणि मादी तपकिरी. आशियाई हत्तीला नाव देताना त्याने जे नमुने धरले, त्यातलं दारूत ठेवलेलं गर्भातलं पिल्लू आफ्रिकी हत्तीचं होतं, हे 2013 मध्ये उघड झालं. त्या काळी सगळे हत्ती एकाच जातीचे समजत. इथल्या छपरांत राहणारं चिमुकलं वटवाघूळही एकच जात मानलं जाई. 1990 च्या दशकात कळलं की काहींचा आवाज 45 किलोहर्ट्झच्या आसपास असतो, काहींचा 55 च्या, आणि त्या दोन वेगळ्या जाती आहेत. तो आवाज माणसाच्या कानाला ऐकूच येत नाही, मग नुसत्या डोळ्यांनी किती ओळखायचं?

पण काकांना आपल्या मेळघाटात असणाऱ्या वनपिंगळ्याचं, त्या छोट्या घुबडाचं सांगा. साध्या पिंगळ्यासारखाच दिसतो. डोक्यावर ठिपके जवळजवळ नसतात, पाय दणकट, एवढाच फरक. 1884 नंतर शंभरावर वर्षं त्याचा खात्रीचा पत्ता नव्हता. 1914 चा, गुजरातेतल्या मांडवीचा म्हणून एक नमुना तेवढा होता. तो माइनर्ट्झहागेन नावाच्या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने संग्रहालयातून चोरून, खोटं लेबल लावून आपला म्हणून दाखवलेला जुनाच पक्षी निघाला. पामेला रासमुसेन या पक्षीशास्त्रज्ञ बाईंनी ही लबाडी ओळखली, खऱ्या नोंदींच्या जागा धुंडाळल्या आणि नोव्हेंबर 1997 मध्ये शहाद्याजवळ त्यांच्या चमूला वनपिंगळा दिसला. आपल्या महाराष्ट्रात, बाबा.

इथल्या पक्षी-संग्रहालयातली एक पद्धत मात्र मला सुरुवातीला अजिबात पटेना. भरून ठेवलेल्या पक्ष्याच्या पायाला दोऱ्याने लेबल बांधलेलं असतं. ते चुकीचं ठरलं तरी काढत नाहीत. खोडत नाहीत, शाई उडाली तरी गिरवत नाहीत. नवी ओळख पटली की दुसरं लेबल लिहायचं, त्यावर आपलं नाव आणि साल घालायचं आणि त्याच पायाला पहिल्याशेजारी बांधायचं. एखाद्या पक्ष्याच्या पायाला अशी लेबलं लोंबत असतात. चूक कशाला जपायची, असं मी विचारलंही. आता कळतं. पक्षी कुठे मिळाला, कुणी आणला, अक्षर कुणाचं, हे सगळं त्या जुन्या कागदावर असतं. त्या वनपिंगळ्यात तर आतला कापूसही बोलला: पुन्हा भरून शिवला होता, तरी मूळची धाटणी जेम्स डेव्हिडसन या खऱ्या संग्राहकाची निघाली. काही फेकायचं नाही, ते यासाठी. हेच शिकते आहे मी. नागपूरच्या अजब बंगल्यातल्या, म्हणजे आपल्या संग्रहालयातल्या पक्ष्यांसमोरून मी हलायची नाही तेव्हा बाबा, तुम्ही कधी घाई केली नाही, ते इथे फार आठवतं.

कर्जाचा हप्ता पाच तारखेला जमा होईल. एफडी मोडू नका. मोतीबिंदूचं ऑपरेशन माझ्यासाठी थांबवू नका. पैसे पाठवले आहेत, ताई सोबत असेल. मी नसेन, हे सारखं डोक्यात येतं, पण डोळे महत्त्वाचे.

अमरावतीच्या स्थळाला नाही म्हणू नका. उन्हाळ्यात येईन तेव्हा भेटेन, मुलाशी मोकळेपणाने बोलेन. काम सोडणार नाही, हे मात्र त्यांना आत्ताच सांगून टाका. आत्याला वाईट वाटलं तर मी फोन करते. तान्ह्या पोळ्याचे फोटो मिळाले, पिंटूचा नंदी छान सजवलाय. दिवाळीला येणं जमत नाही. आई, रागावू नको.

तुमची
मुग्धा

ता. क. ताईच्या खात्यात टाकलेले पैसे आजीच्या औषधांचे आहेत. ते हप्त्यात वळवू नका, बाबा.