गस्तीला जातोस म्हणून

चि. संदीप यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

काल आक्कांचा फोन आला होता. दोन घरं फुटल्यापासून गावात रात्रीची गस्त सुरू झालीय आणि पोरांचं पुढारपण तुझ्याकडे आहे, म्हणाल्या. ऊर भरून आला. पण रात्रभर डोळा लागला नाही.

गस्त घालाच. मात्र आधी पोलीस ठाण्यात जाऊन ग्रामसुरक्षा दल म्हणून सगळ्यांची नावं नोंदवा. चौघाचौघांची तुकडी, दोन-दोन तासांची पाळी, हातात बॅटरी आणि शिट्टी. कोयता, कुऱ्हाड कुणाकडेच नको. प्यालेल्याला घरी पाठवायचं, मग तो तात्यांचा बाळू का असेना. अनोळखी माणूस दिसला तर दोघांनीच विचारायचं, बाकीच्यांनी लांब थांबायचं. चाळीस जणांनी तोंडावर उजेड मारला तर निर्दोष माणूसही अडखळतो, पळतो. मग पळाला म्हणजे चोरच, असं ठरतं. पुढच्यांना निदान त्याचा चेहरा दिसतो, मागच्यांनी नुसतं ‘सापडला’ एवढंच ऐकलेलं असतं. पहिला हात बहुतेक मागूनच येतो. म्हणून देवळाच्या भोंग्यावरून गाव गोळा करू नका, ग्रुपवर फोटो टाकू नका. ११२ ला आणि पोलीस पाटलांना फोन करा.

आणि कुणाला खोलीत कोंडू नका. साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात १ जुलै २०१८ ला मुलं पळवणारे समजून पाच डवरी गोसाव्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत नेलं आणि तिथंच जमावानं त्यांचा जीव घेतला. भिक्षा मागून पोट भरणारी माणसं ती. १६ एप्रिल २०२० ला पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचल्यात तर पोलीस हजर होते, तरी दोन साधू आणि त्यांचा ड्रायव्हर वाचले नाहीत. एकदा गर्दी जमली की तू पुढारी राहत नाहीस रे.

कायदाही नीट समजून घे. डोळ्यांदेखत अजामीनपात्र, दखलपात्र (पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात असा) गुन्हा घडला, तर तुम्हाला त्या माणसाला धरता येतं, आणि सहा तासांच्या आत पोलिसांच्या ताब्यात द्यावं लागतं. नुसत्या संशयावर नाही. पाच किंवा जास्त जण एका बेकायदा हेतूनं जमले, तर एकानं केलेला गुन्हा त्या हेतूनं तिथं असलेल्या सगळ्यांवर येतो. तू हात लावलेला नसलास तरी.

पुन्हा शिकवणी सुरू झाली, रागावू नकोस. तुला कळत नाही असं नाही. चौथीत कंपासपेटीवरून पोरांनी शंकरला घेरलं, तेव्हा तूच मध्ये जाऊन उभा राहिला होतास. बाही फाटली, आईनं निळ्या दोऱ्यानं शिवली, आणि पेटी निघाली बाईंच्या कपाटात. तो शर्ट तू पुढं दोन वर्षं घातलास, आखूड झाला तरी. पण तेव्हा समोर सहा पोरं होती, संदीप. अंधारात चाळीस बाप्ये असले आणि मागून कुणी हात टाकला, तर तू कुठं उभा असशील, हेच मला सारखं दिसतं.

ठाण्यात नावं दिलीस की कळव. आईला यातलं काही बोललेलो नाही, तूही फोनवर काढू नकोस.

तुझे
बाबा